ऐकणारी मुलगी आणि न ऐकणाऱ्या थेरी : महाप्रजापती गौतमीपासून आजच्या भिक्खुणींपर्यंत

"मुलगी फार ऐकणारी आहे हो." लग्नाच्या बैठकीत हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. मुलाविषयी बोलताना नोकरी, पगार, घर यांची चौकशी होते. मुलीविषयी बोलताना शिक्षणाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, ती ऐकते की नाही हे पाहिले जाते. मराठीत 'ऐकणे' या एकाच शब्दात कानावर पडणे आणि आज्ञा पाळणे असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की, एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो आहे, एवढ्यावरून ती मानू नका. स्वतः पारखून घ्या. कालाम सुत्त आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितले जाते. मात्र ते घरातल्या मुलीला आणि सुनेलाही लागू आहे का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

या लेखात आम्ही दक्षिण आशियातील बौद्ध स्त्रियांच्या नकाराचा इतिहास थोडक्यात मांडत आहोत. स्त्रीने आज्ञाधारक असावे ही अपेक्षा फक्त 'त्यांच्या' धर्मात आहे आणि आपण त्यातून केव्हाच बाहेर पडलो, असा आपल्या कार्यकर्त्यांचा एक समज असतो. आमचा अनुभव आणि आमचा अभ्यास तसे सांगत नाही. आपल्या परंपरेतही आज्ञापालनाची मागणी आहे आणि तिला दिलेला ठाम नकारही आहे. यातले आपण काय उचलतो, यावर आजच्या मुलींचे बरेच काही अवलंबून आहे.

आज्ञाधारकतेची चौकट

मनुस्मृतीने स्त्रीला बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या आणि म्हातारपणी पुत्राच्या ताब्यात ठेवले. तिने कधीही स्वतंत्र असू नये, असा तो दंडक. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागे अस्पृश्यतेइतकेच हेही कारण होते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, तसले दागिने घालू नका, मुलींना शिकवा, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितले. शेवटची सूचना नीट वाचली पाहिजे. 'पतीला जेवू घालणे' हे पत्नीचे पहिले कर्तव्य मानणाऱ्या समाजात, ते कर्तव्य विनाअट नाही, असे एक नेता भर सभेत बायकांना सांगत होता.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आज्ञाधारकता हा स्वभाव नसतो, ती एक व्यवस्था असते. जमीन कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या हातात, निर्णयाच्या बैठकीत खुर्ची कोणाला आणि चुलीपाशी कोण, यावरून ती ठरते. म्हणून तिच्याविरुद्धचा नकारही बहुधा याच ठिकाणी उमटलेला दिसतो.

महाप्रजापती : तीन वेळा 'नाही' ऐकल्यानंतर

विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकीकत आहे. सिद्धार्थाची मावशी आणि त्याला वाढवणारी महाप्रजापती गौतमी हिने कपिलवस्तूत तथागतांकडे स्त्रियांसाठी प्रव्रज्या मागितली. तीन वेळा मागितली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. तथागत वेसालीला निघून गेले.

आज्ञाधारक स्त्रीची गोष्ट इथे संपली असती. महाप्रजापतीने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली आणि अनेक शाक्य स्त्रियांना घेऊन ती वेसालीपर्यंत पायी चालत गेली. विहाराच्या दारात ती उभी राहिली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, अंग धुळीने माखलेले होते आणि डोळ्यांत पाणी होते. आनंदाने मध्यस्थी केली. त्याने सरळ प्रश्न विचारला : स्त्री अर्हत्पद मिळवू शकते की नाही? तथागत म्हणाले, मिळवू शकते. त्यानंतर भिक्खुणी संघाचा मार्ग मोकळा झाला.

आपण या प्रसंगातली करुणा सांगतो, पण क्रम सांगत नाही. परवानगी मिळण्याआधीच महाप्रजापतीने केस कापले होते. चिवर तिने आधी घातले आणि मान्यता नंतर मिळाली. शिवाय ती एकटी गेली नाही.

आठ गुरुधम्म आणि एक विसरलेली विनंती

याच हकीकतीत पुढे आठ गुरुधम्म येतात. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा घेतलेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे. भिक्खू नसलेल्या ठिकाणी वर्षावास करू नये. भिक्खुणीने भिक्खूला उपदेश करू नये, भिक्खू मात्र भिक्खुणीला करू शकतो, अशा स्वरूपाचे हे नियम आहेत. महाप्रजापतीने ते स्वीकारले, इथपर्यंत बहुतेक प्रवचने येऊन थांबतात.

चुल्लवग्ग तिथे थांबत नाही. काही काळानंतर महाप्रजापती पुन्हा आनंदाकडे गेली आणि तिने विनंती केली की वंदनाचा नियम बदलावा; भिक्खू असो वा भिक्खुणी, जो ज्येष्ठ त्याला कनिष्ठाने वंदन करावे. ही विनंती मान्य झाली नाही, पण तिची नोंद ग्रंथात राहिली. म्हणजे ज्या स्त्रीने नियम स्वीकारला, तिनेच त्यावर पहिली हरकत घेतली.

या आठ नियमांविषयी आधुनिक अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. एक शंका तर साधा वाचकही घेऊ शकतो. एक नियम सांगतो की, उपसंपदेपूर्वी स्त्रीने दोन वर्षे सहा शिक्षापदांचे प्रशिक्षण घ्यावे आणि मग भिक्खू व भिक्खुणी अशा दोन्ही संघांकडून उपसंपदा मागावी. पण महाप्रजापतीच्या आधी भिक्खुणी संघच नव्हता. मग तिच्यासमोर हा नियम त्याच रूपात कसा ठेवला गेला असेल? नियमांची ही यादी नंतर आकाराला आली असावी, असे मानायला इथे जागा आहे.

विनयात उलट दिशेचेही नियम आहेत. नात्यातली नसलेल्या भिक्खुणीकडून भिक्खूने आपले जुने चिवर धुऊन, रंगवून घेऊ नये. घेतल्यास तो दोष आहे. संघात आलेल्या स्त्रियांना पुन्हा पुरुषांची धुणी धुवायला लावले जाण्याचा धोका त्या काळी ओळखला गेला होता आणि त्याला नियमाने अटकाव केला होता. हा नियम आपण किती जणांनी प्रवचनात ऐकला आहे?

थेरीगाथा : नकाराच्या आठवणी

थेरीगाथेत ७३ रचनांमधून थेरींचे अनुभव आले आहेत. जगातील स्त्रियांच्या सर्वात जुन्या साहित्यात या ग्रंथाची गणना होते. युवकांनी अभ्यासवर्गात वाचाव्यात अशा काही थेरी आम्ही इथे देत आहोत.

मुत्ता सांगते की, ती तीन वाकड्या गोष्टींतून सुटली : उखळ, मुसळ आणि नवरा. जन्म-मरणातून सुटण्याच्या गोष्टीबरोबर घरकामातून सुटण्याची गोष्टही तिने तितक्याच मोकळेपणाने नोंदवली आहे.

पुण्णिका ही श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासव आणि मगरी सगळे स्वर्गाला जातील ना? जात, वर्ग आणि स्त्रीत्व या तिन्ही बाजूंनी जिने गप्प बसायचे, तिनेच इथे प्रश्न विचारला आहे.

सोमाला मार म्हणतो की, जे पद ऋषींनाही अवघड, ते दोन बोटांएवढी अक्कल असणाऱ्या बाईला कसे मिळेल? चित्त स्थिर असेल आणि ज्ञान वाढत असेल, तर बाईपणाने काय बिघडते, अशा आशयाचे उत्तर ती देते.

सुमेधा ही मंतावतीच्या राजाची मुलगी. आईवडिलांनी तिचे लग्न राजा अनिकरत्ताशी ठरवले होते. वर दारात येण्याच्या सुमारास तिने स्वतःचे केस कापून टाकले आणि लग्नाला नकार दिला. नुसता नकार देऊन ती थांबली नाही. आईवडिलांना आणि त्या राजालाही तिने आपली बाजू समजावून सांगितली.

आणि इसिदासी. उज्जैनीच्या सधन घरातली ही मुलगी साकेतला सासरी गेली. सासू-सासऱ्यांना वंदन करणे, स्वयंपाक, भांडी, नवऱ्याची वेणीफणी आणि शृंगार, सगळे ती दासीसारखे करत राहिली. तरीही नवरा म्हणाला, मला हिच्याबरोबर राहायचे नाही. तिचा काही अपराध नाही, हेही त्यानेच कबूल केले. दुसरे आणि तिसरे लग्नही टिकले नाही. मग जिनदत्ता नावाची थेरी भिक्षेसाठी दारात आली आणि इसिदासीने संघाची वाट धरली.

समुपदेशनाच्या कामात आम्हाला इसिदासी वारंवार भेटते. "मी सगळे ऐकले, तरी त्यांनी मला माहेरी आणून सोडले," हे वाक्य आम्ही अनेक बहिणींकडून ऐकले आहे. आज्ञापालनाने संरक्षण मिळते, हे आश्वासन खोटे ठरू शकते, याची ही फार जुनी साक्ष आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. इसिदासीच्या गाथेत तिच्या दुःखाचे कारण पूर्वजन्मीचे कर्म असे दिले आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, हा विचार स्वीकारलेला नाही. अन्याय सोसणाऱ्या माणसाला त्यातून दोषी ठरवले जाते, हे त्यांनी ओळखले होते. इसिदासीची साक्ष आपण घ्यावी; तिच्यावर लादलेला दोष घेण्याचे कारण नाही.

सात प्रकारच्या भार्या : लग्नात आपण काय सांगतो?

अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाची सून सुजाता हिला उद्देशून सात प्रकारच्या भार्या सांगितल्या आहेत. वधकासारखी, चोरासारखी आणि मालकिणीसारखी या तीन निंद्य. मातेसारखी, भगिनीसारखी, सखीसारखी आणि दासीसारखी या चार प्रशंसनीय. सुजाता म्हणते, मला दासीसारखी समजा. हे सुत्त लग्नाच्या प्रवचनांत वापरले जाते, तेव्हा भर कशावर असतो ते आपण ओळखू शकतो.

पण त्याच यादीत 'सखी' आहे. शिवाय सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्येही आहेत : पत्नीचा सन्मान करणे, अपमान न करणे, व्यभिचार न करणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिथे हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, असे सांगितले आणि पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे बजावले. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे त्यांचे प्रसिद्ध विधानही याच भाषणातले. त्या परिषदेत बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वावर बंदीचा ठराव केला.

जुन्या ग्रंथातून नव्हे, तर आपल्याच आजी-पणजीच्या तोंडून आलेला हा ठराव आहे. लग्न लावणाऱ्या आपल्या बौद्धाचार्यांनी सुत्तातील 'दासी' सांगायची की 'सखी', याचे उत्तर १९४२ मध्येच दिले गेले आहे.

श्रीलंका : तुटलेली परंपरा आणि तिची पुनर्बांधणी

सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि अनुराधपुरात भिक्खुणी संघ स्थापन झाला. अकराव्या शतकात चोळांच्या आक्रमणाच्या काळात तो नामशेष झाला. भिक्खू संघाचीही वाताहत झाली होती, पण भिक्खूंची उपसंपदा ब्रह्मदेशातून पुन्हा आणली गेली. पुढे ती पुन्हा खंडित झाल्यावर १७५३ मध्ये सयामहून आणली गेली. भिक्खुणींसाठी असा प्रयत्न झाला नाही. दहा शीले पाळणाऱ्या 'दस सिल माता' श्वेत किंवा पिवळ्या वस्त्रांत राहिल्या, पण त्यांना भिक्खुणीचा दर्जा नव्हता.

उपसंपदेला दोन्ही संघ लागतात आणि थेरवादी भिक्खुणी आता उरल्या नाहीत, म्हणून परंपरा पुन्हा सुरू करता येत नाही, असा युक्तिवाद होता. त्याला स्त्रियांनी आणि त्यांच्या बाजूच्या भिक्खूंनी इतिहासातून उत्तर दिले. पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणी चीनला गेल्या होत्या आणि तिथल्या भिक्खुणींच्या उपसंपदेत त्यांचा सहभाग होता. म्हणजे पूर्व आशियातली भिक्खुणी परंपरा श्रीलंकेशी जोडलेली आहे. शिवाय भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी, अशी अनुज्ञाही चुल्लवग्गात आहे.

८ डिसेंबर १९९६ रोजी सारनाथला श्रीलंकेच्या काही स्त्रियांनी कोरियन संघाच्या सहकार्याने उपसंपदा घेतली. भिक्खुणी विनयावर संशोधन केलेल्या कुसुमा त्यांत अग्रभागी होत्या. १९९८ मध्ये बोधगयेला मोठा उपसंपदा सोहळा झाला आणि त्याच वर्षी श्रीलंकेतच दंबुल्ला येथे भिक्खुणी उपसंपदा सुरू झाली. वरिष्ठ भिक्खूंच्या मोठ्या गटाने तिला मान्यता दिली नाही. ओळखपत्रावर 'भिक्खुणी' असे लिहून मिळावे म्हणून एका भिक्खुणीला न्यायालयात जावे लागले. २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. महाप्रजापतीप्रमाणे इथेही चिवर आधी आले आणि कागद नंतर.

नेपाळ आणि हिमालय

नेपाळच्या पाटण शहरातील शाक्य कुटुंबात १९३४ साली जन्मलेल्या धम्मवती गुरुमा किशोरवयात घरच्यांना न सांगता धम्म शिकण्यासाठी निघाल्या आणि ब्रह्मदेशात पोहोचल्या. तिथे त्यांनी पाली ग्रंथांचा अभ्यास करून धम्माचरियची पदवी मिळवली. १९६३ मध्ये त्या परतल्या आणि १९६५ मध्ये काठमांडूत धर्मकीर्ती विहार उभा राहिला. नेवारी आणि नेपाळी भाषेत पुस्तके, मुलांचे वर्ग आणि स्त्रियांचे अभ्यासगट यांमुळे हा विहार लोकांचा झाला. १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सी लाय विहारात पूर्ण उपसंपदा घेतली. मायदेशी भिक्खूंची मान्यता मिळाली नाही, म्हणून त्यांचे काम थांबले नाही.

तिबेटी परंपरेत 'गेशे' ही सर्वोच्च विद्वत्तेची पदवी शतकानुशतके भिक्खूंनाच मिळत होती. २०१६ मध्ये प्रथमच २० भिक्खुणींनी एकत्र 'गेशेमा' ही पदवी मिळवली. कर्नाटकातील मुंडगोड येथे ती त्यांना प्रदान करण्यात आली. वर्षानुवर्षे तर्कशास्त्र शिकणे आणि वादसभेत उभे राहून प्रश्न विचारणे, हे या पदवीचे स्वरूप आहे. ज्यांनी फक्त ऐकायचे होते, त्या आता वाद घालून पदवी मिळवत आहेत.

आपल्या विहारात आणि घरात

१९५१ मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीवर लेख लिहिला. स्त्रियांच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार आहे, या आरोपाला तो उत्तर होता. स्त्रीला संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार बुद्धाने दिला, हे त्यांनी दाखवले. बुद्धाच्या तोंडी घातलेली स्त्रीविरोधी वचने त्यांनी तपासली आणि ती मागाहून घुसडलेली असावीत, असे सांगितले. ही तपासण्याची पद्धत आपण पुढे न्यायला हवी. बाबासाहेबांनी ग्रंथ तपासले. आपण निदान आपले वर्तन तपासू.

वर्षावासात ग्रंथवाचनाला बसणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया असतात. वैशाख पौर्णिमेची खीर त्याच करतात, वर्गणी त्याच गोळा करतात. विहार समितीच्या फलकावर मात्र अध्यक्ष, सचिव, खजिनदार या जागी पुरुषांची नावे असतात आणि खाली 'महिला मंडळ' अशी एक ओळ असते. अनेक वस्त्यांत आम्ही हेच पाहिले आहे.

घरातली कसोटी त्याहून कठीण आहे. बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील गेल्यानंतर मात्र भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि "बहीण ऐकणारी आहे" म्हणून ती सही करते. सही केली नाही तर माहेर तुटते. ज्या माणसाने हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याची तसबीर भिंतीवर असलेल्या घरात हे होते. अशा प्रसंगी बहिणींबरोबर तलाठी कार्यालयात जाताना आम्हाला एकच गोष्ट दिसते : ती एकटी असेल तर सही करते, तिच्याबरोबर दोन मैत्रिणी असतील तर ती आधी कागद वाचायला मागते.

म्हणून युवकांना आमच्या तीन सूचना आहेत. पुढच्या वर्षावासात थेरीगाथेचे वाचन ठेवा आणि प्रत्येक गाथेनंतर मुलींना आधी बोलू द्या. विहार समितीच्या पुढच्या निवडीत निम्म्या जागा स्त्रियांना द्या. त्यात खजिनदाराची जागा असलीच पाहिजे. आणि आपल्या घरात हक्कसोडपत्राचा विषय निघेल तेव्हा भाऊ म्हणून तुम्हीच म्हणा की, ही सही नको.

महाप्रजापती वेसालीला पोहोचली तेव्हा आनंद दारात होता. त्याने तिला परत पाठवले नाही, गप्प बसायलाही सांगितले नाही. तो आत गेला आणि त्याने प्रश्न विचारला. आपल्या समाजातील तरुणांनी निदान एवढे तरी करावे.

जय भीम! नमो बुद्धाय!